१९९९ सालचा ग्रंथालयाचा प्रोग्रॅम विंडोज ११ वर: नाहीसे झालेले डेटाबेस घटक कसे शोधले

प्रेषक: दाखलवही

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक ग्रंथालयात मी स्वयंसेवक म्हणून संगणकाचे काम पाहतो. १९९९ साली गावातल्याच एका होतकरू मुलाने ग्रंथालयासाठी व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये एक प्रोग्रॅम लिहून दिला होता. पुस्तकांची दाखल नोंद, सभासदांची वर्गणी आणि अनामत, रोजची देवघेव आणि वर्षअखेरीस अनुदानासाठी लागणारे तक्ते, एवढे सगळे त्याच्यावर चालते. मूळ सोर्स कोड आज कोणाकडेही नाही. चालणारी फाइल, अ‍ॅक्सेस ९७ च्या स्वरूपातील, सगळ्या नोंदी असलेली एक एमडीबी फाइल आणि कपाटात जपून ठेवलेली सेटअपची सीडी एवढेच आमच्या हाती आहे. गेल्या महिन्यात विंडोज एक्सपीचा जुना संगणक कायमचा बंद पडला. त्याची हार्ड डिस्क सुदैवाने शाबूत होती, आणि देणगीतून आलेल्या विंडोज ११ च्या संगणकावर तोच प्रोग्रॅम चालवण्याची वेळ आली. आता तो चालतो आहे. मधल्या तीन आठवड्यांत जे समजले ते सविस्तर लिहितो, कारण अशा अडचणीत सापडलेल्या छोट्या संस्था पुष्कळ आहेत आणि त्यांना पहिला सल्ला बहुधा ‘हे आता चालणार नाही, नवे घ्या’ असाच मिळतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. प्रोग्रॅम नेमका कोणता घटक मागतो आहे हे कळल्याशिवाय काहीही बसवू नये. आमच्याकडे पहिल्याच दिवशी याच्या उलट घडले. संगणक जोडून द्यायला आलेल्या तंत्रज्ञाने ६४ बिटचे अ‍ॅक्सेस डेटाबेस इंजिन बसवले, मग एमडॅकचा (डेटाबेसशी जोडणी करणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या घटकांचा) जुना संच बसवून पाहिला, आणि शेवटी कुठल्याशा संकेतस्थळावरून सुट्या डीएलएल (प्रोग्रॅमला लागणाऱ्या तयार घटकांच्या) फाइली उतरवून त्या सिस्टिमच्या फोल्डरमध्ये टाकल्या. प्रोग्रॅम चालला नाहीच, शिवाय कोणती फाइल मूळची आणि कोणती बाहेरची हे सांगता येईना. मी विंडोज पुन्हा कोरे बसवून घेतले, जुन्या डिस्कवरील एमडीबी फाइलीच्या दोन प्रती वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर काढल्या, आणि मगच कामाला सुरुवात केली.

प्रोग्रॅम उघडताच पडद्यावर आले: ‘रनटाइम एरर ४२९, अ‍ॅक्टिव्हएक्स कंपोनन्ट कान्ट क्रिएट ऑब्जेक्ट’. ही सूचना वाचून बहुतेकांचा समज होतो की व्हिज्युअल बेसिकच नव्या विंडोजवर चालत नाही. तसे नाही. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनाला मिळणारा आधार एप्रिल २००८ मध्ये संपला, परंतु तयार प्रोग्रॅम चालवणारी मूळ रनटाइम फाइल आजही विंडोज ११ सोबत येते. जेट ४.० हे डेटाबेस इंजिन आणि त्याच्याशी प्रोग्रॅमचा संवाद घडवणारे डीएओ ३.६ हेही ३२ बिटच्या रूपात विंडोजमध्ये असतात. आमचा प्रोग्रॅम मात्र त्याच्या आधीच्या पिढीचा, म्हणजे डीएओ ३.५१ आणि जेट ३.५ मागणारा होता, आणि ती पिढी विंडोज आता पुरवत नाही. एकाच घराण्यातली ही दोन इंजिने असली, तरी प्रोग्रॅम ज्याला नावानिशी हाक मारतो तोच घटक हजर असावा लागतो.

हे अंदाजाने कळले नाही. सिसइंटर्नल्सचे ‘प्रोसेस मॉनिटर’ हे मोफत साधन सुरू ठेवून मी प्रोग्रॅम उघडला आणि चाळणी लावून फक्त आमच्या प्रोग्रॅमच्या, ‘नेम नॉट फाउंड’ असा निकाल आलेल्या ओळी ठेवल्या. अशा ओळी शेकड्यांनी येतात आणि त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. चूक-सूचना पडद्यावर येण्याच्या लगेच आधीच्या ओळी तेवढ्या पाहायच्या. तिथे दिसले की प्रोग्रॅम रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, महिरपी कंसातला एक लांबलचक ओळखक्रमांक शोधत होता आणि तो त्याला सापडत नव्हता. मग जुनी हार्ड डिस्क यूएसबीने जोडली, रेजएडिट या रजिस्ट्री पाहण्याच्या साधनातील ‘लोड हाइव्ह’ वापरून एक्सपीच्या ‘कॉन्फिग’ फोल्डरमधील ‘सॉफ्टवेअर’ ही फाइल उघडली आणि तोच क्रमांक तिच्यात शोधला. समोर नाव आले: डीएओ३५०.डीएलएल. त्या क्षणी निम्मे काम झाले होते.

पुढचे निम्मे काम सेटअपच्या सीडीने केले. व्हिज्युअल बेसिकच्या सेटअपसोबत ‘सेटअप.एलएसटी’ नावाची एक साधी मजकूर-फाइल असते, आणि ती नोटपॅडमध्ये उघडली की प्रोग्रॅमला लागणारी प्रत्येक फाइल, ती कुठे ठेवायची, तिची नोंदणी करायची की नाही आणि तिची आवृत्ती कोणती, हे ओळीओळीने लिहिलेले सापडते. हरवलेल्या घटकांची याहून विश्वासार्ह यादी दुसरी नाही. मी पूर्ण सेटअप चालवला नाही, कारण त्या यादीत एमडॅकचा जुना संचही होता आणि विंडोज व्हिस्टापासून ते घटक विंडोजचाच भाग झालेले असल्यामुळे तो वरून लादण्यात अर्थ नव्हता. सीडीवरील कॅब (अनेक फाइली दाबून भरलेली) फाइल उघडून लागणाऱ्या फाइलीच बाहेर काढल्या. डीएओची फाइल ३२ बिटच्या ‘कॉमन फाइल्स’मधील डीएओच्या फोल्डरमध्ये आणि जेट ३.५ च्या फाइली सिसवॉव६४ मध्ये ठेवल्या. यादीतील काही नावांच्या फाइली विंडोजमध्ये आधीच होत्या आणि त्यांची आवृत्ती नवी होती. त्यांना हात लावला नाही.

इथे एक गफलत हमखास होते. ६४ बिटच्या विंडोजमध्ये ६४ बिटच्या फाइली सिस्टिम३२ मध्ये असतात आणि ३२ बिटच्या फाइली सिसवॉव६४ मध्ये. नावांवरून नेमका उलटा समज होतो. म्हणून नोंदणीसाठी सिसवॉव६४ मधील रेजएसव्हीआर३२ ही आज्ञा पूर्ण पत्त्यासह, प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये द्यावी. पुढची अडचण एरर ३३९ ची होती. तिने डीबीग्रिड३२.ओसीएक्स हे नाव स्वतःच सांगितले, तीही फाइल सीडीवर होती, आणि प्रोग्रॅम उघडला.

उघडल्यानंतर जे घडले ते अधिक धोक्याचे होते. एके दिवशी सकाळी ग्रंथपाल बाईंनी दिलेले पुस्तक संध्याकाळच्या सहायकाला पडद्यावर दिसेना, आणि सहायकाने जमा करून घेतलेले पुस्तक दुसऱ्या दिवशी बाईंच्या पडद्यावर सभासदाकडेच दिसू लागले. दोघांची लॉगिन वेगळी होती. प्रोग्रॅम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये ठेवला होता आणि तिथे सामान्य वापरकर्त्याला लिहिण्याची परवानगी नसते. जुना प्रोग्रॅम अडू नये म्हणून विंडोज अशा वेळी त्याचे लेखन गुपचूप त्या त्या वापरकर्त्याच्या खासगी फोल्डरमधील ‘व्हर्च्युअलस्टोअर’मध्ये वळवते. परिणामी एका ग्रंथालयाच्या दोन एमडीबी झाल्या, आणि एकही चूक-सूचना आली नाही. पाच दिवसांच्या नोंदी देवघेवीच्या कागदी चिठ्ठ्या समोर ठेवून पुन्हा भराव्या लागल्या. आता प्रोग्रॅम सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डरमध्ये आहे आणि त्या फोल्डरवर दोघांनाही बदलाची परवानगी दिली आहे. ही परवानगी संपूर्ण फोल्डरवर हवी, कारण डेटाबेस उघडताना जेट त्याच्या शेजारी एलडीबी नावाची कुलूप-फाइल (कोण कोणती नोंद वापरतो आहे याचा हिशेब) तयार करते आणि शेवटचा वापरकर्ता बाहेर पडला की ती पुसते.

तारखांचेही तसेच. जुन्या संगणकावर तारखेचे लघुरूप ‘०५-एप्रिल-२००३’ अशा धाटणीचे होते, महिन्याचे नाव अक्षरांत. नव्यावर ते ‘०५/०४/२००३’ झाले. जेटच्या एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला आज्ञा देण्याच्या भाषेत) दोन ‘#’ चिन्हांमधील अशी तारीख आधी महिना, मग दिवस अशी वाचली जाते, म्हणून ५ एप्रिलची देवघेव ४ मे रोजी जाऊन बसली आणि विलंब शुल्काचा हिशेब चुकला. दिवस बारापेक्षा मोठा असेल तर जेट क्रम स्वतःच उलटवून घेते, त्यामुळे महिन्याच्या उत्तरार्धात सारे बरोबर दिसते. कंट्रोल पॅनेलमध्ये जुने लघुरूप परत ठेवल्यावर प्रश्न मिटला. जुना संगणक चालू असतानाच त्याच्या प्रादेशिक सेटिंगांचे छायाचित्र काढून ठेवावे, अशी माझी सर्वांना विनंती आहे.

आपल्यापैकी कोणी अशा कामातून गेले असल्यास अनुभव जरूर लिहावेत.

प्रेषक: पिंपळपार

उत्तम लेखन. रजिस्ट्रीची जुनी फाइल उघडून ओळखक्रमांक शोधण्याची रीत मी प्रथमच वाचली, आणि ती जपून ठेवावी अशी आहे.

मी व्यवसायाने प्रोग्रॅमर आहे. व्हिज्युअल बेसिकपेक्षा थोडे नवे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रणालीच्या सुरुवातीच्या काळात लिहिलेले प्रोग्रॅम माझ्याकडे जास्त येतात, आणि त्यांची तक्रार वेगळी असते: ‘मायक्रोसॉफ्ट.जेट.ओएलईडीबी.४.० हा प्रोव्हायडर या संगणकावर नोंदलेला नाही’. प्रोव्हायडर (प्रोग्रॅमला जेटशी जोडणारा घटक) संगणकावर असतो, तरीही ही सूचना येते. जेट फक्त ३२ बिटमध्ये आहे आणि ६४ बिटची प्रक्रिया ३२ बिटची डीएलएल आपल्या पोटात घेऊ शकत नाही. डॉटनेटचा प्रोग्रॅम ‘एनी सीपीयू’ असा बांधलेला असेल, तर तो ३२ बिटच्या संगणकावर ३२ बिटने चालायचा आणि ६४ बिटच्या संगणकावर आपोआप ६४ बिटने चालू लागतो, आणि तिथे जेट त्याला दिसेनासे होते. सोर्स कोड असेल तर ‘एक्स८६’ निवडून पुन्हा बांधावा. नसेल तर विकासकांच्या संचातील कॉरफ्लॅग्ज या साधनाने त्याच फाइलीवर ३२ बिटची खूण करता येते. मात्र फाइलीवर डिजिटल स्वाक्षरी असेल तर ती त्यानंतर वैध राहत नाही. आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरवर चालणाऱ्या संकेतस्थळांसाठी अ‍ॅप्लिकेशन पूलमध्ये ३२ बिटला परवानगी देण्याची सोय आहेच.

ओडीबीसी (प्रोग्रॅम डेटाबेसशी जोडण्याची सामायिक पद्धत) वापरणाऱ्यांनी एवढे पाहावे की विंडोजमध्ये ओडीबीसीची जोडणी करणारे दोन वेगळे कार्यक्रम असतात, दोघांच्या फाइलीचे नाव एकच, एक सिस्टिम३२ मध्ये आणि दुसरा सिसवॉव६४ मध्ये. जोडणी एकीकडे केली आणि प्रोग्रॅम दुसरीकडचा निघाला, तर ‘आर्किटेक्चर मिसमॅच’ची सूचना येते. मी स्वतः एकदा यात अख्खी दुपार घालवली आहे.

आपल्या तंत्रज्ञाने बसवलेल्या ६४ बिटच्या अ‍ॅक्सेस इंजिनाबद्दलही सांगतो. ऑफिस ज्या बिटचे असेल त्याच बिटचे इंजिन सहसा बसते, आणि ६४ बिटचे इंजिन ३२ बिटच्या प्रोग्रॅमला काहीच उपयोगाचे नसते. शिवाय अ‍ॅक्सेस २०१३ पासून पुढच्या आवृत्त्या ९७ ची फाइल उघडतच नाहीत. जेट ४.० मात्र ती अजून वाचते.

प्रेषक: सूक्ष्मदर्शक

माझा अनुभव एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेतला आहे. तिथले अहवाल तयार करणारा प्रोग्रॅम डेल्फी या साधनात लिहिलेला आणि सगळी माहिती पॅराडॉक्स या जुन्या डेटाबेसच्या तक्त्यांत. त्याला बोरलँड डेटाबेस इंजिन, म्हणजे बीडीई लागते. हे इंजिन विंडोजचा भाग कधीच नव्हते आणि त्याचा विकास फार पूर्वी थांबला आहे, तरी ते विंडोज १० वर मी नीट चालवले आहे.

बीडीईची पहिली खोड अशी, की अनेकांनी एकाच वेळी वापरताना कुलपांचा हिशेब ठेवण्यासाठी ते ‘पीडॉक्सयूझर्स.नेट’ नावाची फाइल तयार करते, आणि बहुतेक जुन्या बसवणुकींत ती फाइल सी ड्राइव्हच्या मुळाशी तयार होते. व्हिस्टापासून सामान्य वापरकर्त्याला तिथे फाइल निर्माण करता येत नाही. त्यामुळे प्रशासक म्हणून चालवले की प्रोग्रॅम चालतो आणि एरवी ‘परमिशन डिनाइड’ म्हणून बंद पडतो. अनेक ठिकाणी यावर उपाय म्हणून प्रोग्रॅम कायम प्रशासकाच्या अधिकाराने चालवला जातो, आणि हे मला अजिबात पटत नाही, कारण रोजच्या वापराच्या प्रोग्रॅमला संगणकाच्या सगळ्या किल्ल्या देण्याचे काही कारण नाही. बीडीई अ‍ॅडमिनिस्ट्रेटर एकदाच प्रशासकाच्या अधिकाराने उघडून पॅराडॉक्सच्या ड्रायव्हरमधील ‘नेट डिर’ हा पत्ता सर्वांना लिहिता येईल अशा फोल्डरवर वळवावा. नेटवर्कवर अनेक संगणक असतील तर प्रत्येकावर हा पत्ता एकाच ठिकाणचा असला पाहिजे, नाहीतर दोन संगणकांना एकमेकांची कुलपे दिसत नाहीत आणि तक्ते बिघडतात. त्याच जोडीने ‘लोकल शेअर’ हा पर्याय ‘ट्रू’ करावा.

दुसरी खोड शोधायला मला फार दिवस लागले. प्रोग्रॅम महिनोन्महिने व्यवस्थित चालायचा आणि अचानक एखाद्या सकाळी ‘डिस्कवर पुरेशी जागा नाही’ असे सांगायचा, शेकडो गिगाबाइट रिकामे असताना. दुपारी पुन्हा ठीक. या इंजिनाच्या काळात डिस्का लहान होत्या आणि मोकळ्या जागेचा आकडा ते ३२ बिटांत मोजते. मोकळी जागा चार गिगाबाइटच्या पटीच्या अगदी जवळ आली, की वरचा भाग गळून उरलेला आकडा शून्याजवळ जातो आणि इंजिनाला डिस्क भरलेली वाटते. त्या वेळी डिस्कवर एक मोठी निरुपयोगी फाइल ठेवली की तक्रार थांबते. आम्ही त्यासाठी एक छोटी बॅच फाइलच करून ठेवली आहे.

स्मृतीची तक्रार आली, तर ‘शेअर्डमेमसाइझ’ २०४८ वरून ४०९६ करावे आणि ‘शेअर्डमेमलोकेशन’ला ५बीडीई हा पत्ता द्यावा. माझ्याकडे त्यानंतर ती तक्रार परत आली नाही.

प्रेषक: रोजकीर्द

आमच्या पतसंस्थेची गोष्ट याहून जुनी आहे. डॉसवरील फॉक्सप्रो २.६ हा डेटाबेस प्रोग्रॅम, सगळा डेटा त्याच्या डीबीएफ फाइलींमध्ये, आणि मराठी नावांसाठी पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड. चालू व्यवहार कधीच नव्या प्रणालीवर गेले, परंतु जुन्या सभासदांच्या खतावण्या पाहण्यासाठी, विशेषतः वारस नोंदीच्या आणि शेअर्सच्या प्रकरणांत, जुना प्रोग्रॅम अजूनही उघडावा लागतो.

६४ बिटच्या विंडोजमध्ये १६ बिटचे प्रोग्रॅम चालवणारा भागच नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते. तेव्हा इथे एखादी डीएलएल आणून बसवण्याचा प्रश्न उरत नाही. डॉसचे सबंध वातावरणच उभे करावे लागते. आम्ही डॉसबॉक्स-एक्स वापरतो. फॉक्सप्रो जलद संगणकावर सुरू होतानाच ‘डिव्हाइड बाय झीरो’ म्हणून बंद पडत असे. डॉसबॉक्समध्ये गती कमी ठेवल्यावर ते थांबले.

डीबीएफचा एक मोठा गुण असा, की त्याची रचना इतकी साधी आहे की लिबरऑफिसच्या कॅल्कमध्येही ती फाइल उघडते. एकच काळजी घ्यावी. फॉक्सप्रोमध्ये पुसलेली नोंद ‘पॅक’ ही आज्ञा देईपर्यंत फाइलीतून जात नाही, तिच्या आरंभी फक्त एक तारा बसतो. आपण वापरतो ते साधन ही खूण मानते का, ते आधी तपासावे. आमच्या पहिल्या प्रयत्नात खाती बंद केलेले सभासद पुन्हा यादीत आले होते.

प्रेषक: उत्तरायण

सर्वांचे परिश्रम वाचून आदर वाटतो, तरी एक गोष्ट स्पष्टपणे विचारतो. हे किती दिवस चालवायचे? जेट ३.५ ला कोणी सुरक्षा-दुरुस्ती देत नाही, प्रोग्रॅम लिहिणारा हाताशी नाही, आणि दाखलवही यांच्यानंतर हे सांभाळणारे कोणी असेलच असे नाही. ग्रंथालयांसाठी कोहा ही मुक्त प्रणाली आहे, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय आहे. जुने चालवण्यात गेलेले तीन आठवडे नव्याकडे जाण्यात का घालवू नयेत?

प्रेषक: दाखलवही

उत्तरायण, आपला प्रश्न रास्त आहे आणि आमच्या कार्यकारिणीनेही तोच विचारला. नव्या प्रणालीकडे आम्हाला जायचेच आहे. परंतु सतरा हजारांवर पुस्तकांच्या नोंदी बिनचूक बाहेर काढायच्या, तर काढलेले बरोबर आहे की नाही हे पडताळून पाहण्यासाठी जुना प्रोग्रॅम चालत असावा लागतो. कोणत्या रकान्यात काय आहे हे एमडीबीतील तक्त्यांच्या नावांवरून कळत नाही. ‘एफ७’ नावाच्या रकान्यात एक, दोन, तीन असे आकडे आहेत, आणि ते पुस्तक बाद, गहाळ किंवा बांधणीला गेले असे सांगतात, हे मला प्रोग्रॅमच्या पडद्यावरूनच समजले. म्हणून आधी जुने उभे करायचे आणि मग त्याच्या सोबतीने नवे, असा क्रम आम्ही ठरवला.

तक्ते बाहेर काढणे तुलनेने सोपे गेले. लिनक्सवरील एमडीबीटूल्स या मुक्त साधनांना विंडोज किंवा अ‍ॅक्सेस काहीच लागत नाही आणि ९७ ची फाइलही ती वाचतात. प्रत्येक तक्ता सीएसव्हीत, म्हणजे रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेल्या साध्या मजकूर-फाइलीत, आला. खरी अडचण मराठीची आहे. आमची पुस्तकांची नावे युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षर-क्रमांकांत, नाहीत, त्या काळच्या एका मराठी फाँटच्या सांकेतिक क्रमांकांत आहेत. फाँट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हांची गर्दी दिसते. जुन्या डिस्कवरून फाँट आणून बसवला की प्रोग्रॅममध्ये सारे वाचता येते, पण त्याने डेटा बदलत नाही.

रूपांतर करताना अक्षरे पडद्यावर ज्या क्रमाने उमटतात तो क्रम उलगडावा लागतो. ‘किरण’ हा शब्द अशा फाँटात आधी ऱ्हस्व वेलांटी, मग ‘क’ असा साठवलेला असतो, आणि युनिकोडमध्ये आधी ‘क’, मग वेलांटी हवी. ‘वर्षा’मध्ये रफार सर्वांत शेवटी येतो, कारण तो ‘षा’च्या डोक्यावर काढायचा असतो, युनिकोडमध्ये मात्र ‘र’ आणि हलन्त ‘ष’च्या आधी जातात. ‘मूर्ती’, ‘कार्यकर्त्यांची’ असे शब्द आले की नुसत्या अदलाबदलीने भागत नाही, संपूर्ण अक्षरगट ओळखावा लागतो. मी नियम लिहून रूपांतर केले आहे आणि लेखकांच्या नावांची यादी वेगळी काढून ग्रंथपाल बाईंसोबत एकेक नाव वाचून तपासतो आहे. ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नव्या प्रणालीत जाऊ नये, असा त्यांचा आग्रह आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे.

हे काम करणाऱ्यांनी नव्या विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगांत युनिकोड यूटीएफ-८ चा ‘बीटा’ म्हणून असलेला चौकोन रिकामा ठेवावा. त्यावर खूण असेल तर जुन्या प्रोग्रॅममधली अशी अक्षरे मोडतात, आणि मोडलेल्या अवस्थेत नोंद जतन केली तर ती तशीच राहते.

प्रेषक: रोजकीर्द

आमचा डेटा जिस्टचा, म्हणजे इस्की या भारतीय लिप्यांच्या अक्षर-मानकातला असल्यामुळे आम्ही यातून वाचलो. इस्कीत अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवलेली असतात आणि युनिकोडचा देवनागरी तक्ता १९८८ च्या इस्कीवरूनच बेतलेला आहे, तेव्हा बव्हंशी एकास एक जोडी लागली. अधिक जुना डेटा अधिक सुलभपणे बाहेर आला, याचे मला त्या वेळी फार नवल वाटले होते.

प्रेषक: शब्दवेल

मी एका छोट्या ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. दाखलवही यांच्यासारखाच प्रोग्रॅम आमच्याकडे दोन संगणकांवर चालतो; एमडीबी एका संगणकावर आणि दुसरा नेटवर्कने जोडलेला. दोन्ही संगणक विंडोज १० चे झाल्यापासून मधूनच ‘अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट’ अशी सूचना येते आणि फाइल दुरुस्त करावी लागते. सर्व घटक जागेवर आहेत. कृपया मार्ग सुचवावा.

प्रेषक: पिंपळपार

शब्दवेलताई, घटक जागेवर असूनही ही तक्रार येते याला कारण आहे. विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून नेटवर्कवरील एमडीबी फाइली अशा रीतीने बिघडण्याची तक्रार सुरू झाली. नेटवर्कवरच्या फाइलीची प्रत जवळ राखून ठेवण्यासाठी विंडोज ‘लीज’ घेते, आणि जेटच्या कुलपांशी त्याचा मेळ बसत नाही. ज्या संगणकावर एमडीबी आहे त्याच्या रजिस्ट्रीत ‘डिसेबललीझिंग’ हे मूल्य एक करून तो पुन्हा सुरू करण्याचा उपाय मायक्रोसॉफ्टनेच सुचवलेला आहे. दुसरा संगणक वायफायवर असेल तर तोही केबलवर आणावा; जोडणी क्षणभर तुटली तरी जेटची फाइल अर्धवट लिहिलेली राहू शकते. आणि दुरुस्तीच्या आधी प्रत्येक वेळी प्रत काढावी, कारण दुरुस्त करताना जे वाचता येत नाही ते टाकून दिले जाते.

उत्तरायण यांचा सुरक्षिततेचा मुद्दा मी गंभीरपणे घेतो. जिथे घटक जुळवणे शक्यच नसेल, तिथे व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) एक्सपी उभे करून प्रोग्रॅम आत चालवावा, पण त्याचे नेटवर्क पूर्ण बंद ठेवावे. एक्सपीला ८ एप्रिल २०१४ नंतर आधार नाही. संगणकासोबत आलेला एक्सपीचा परवाना सहसा त्याच संगणकापुरता असतो, हेही आधी पाहून घ्यावे. सुट्या डीएलएल वाटणाऱ्या संकेतस्थळांवरून काहीही उतरवू नये. लागणारी फाइल मूळ सीडीवर किंवा जुन्या डिस्कवर जवळजवळ नेहमी असते.

प्रेषक: शब्दवेल

पिंपळपार, आपण सांगितल्याप्रमाणे मूल्य बदलले. आठ दिवस झाले, सूचना आलेली नाही. मनापासून आभार. आमच्या सीडीवर ओरखडे आहेत, म्हणून तिची प्रत आजच हार्ड डिस्कवर उतरवून घेतली. दोन फाइली तिसऱ्या प्रयत्नात वाचल्या गेल्या.

प्रेषक: दाखलवही

शब्दवेलताई, प्रत वेळेवर झाली हे फार बरे झाले. आमच्या सीडीचीही आयएसओ प्रत (सबंध सीडी एका फाइलीत) काढून ती एमडीबीच्या प्रतींसोबत ठेवली आहे, आणि सेटअपची यादी, फाइलींच्या जागा, तारखेचे लघुरूप व फाँटचे नाव दोन पानांवर छापून ती पाने दाखल नोंदवहीच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवली आहेत.

काल सायंकाळी जुळवणी पूर्ण केली. नोंदवहीच्या शेवटच्या पानावरील दाखल क्रमांक आणि पडद्यावरील शेवटचा क्रमांक एकच निघाले. सीएसव्हीतील ओळी मात्र तीन जास्त भरल्या. तपासल्यावर दिसले की तीन पुस्तकांच्या शेऱ्याच्या रकान्यात पूर्वी कोणीतरी मध्येच एंटर दाबलेले होते आणि तिथे ओळ तुटत होती. ते तिन्ही शेरे ग्रंथपाल बाईंना वाचून दाखवून एका ओळीत आणले. आज सकाळी पुन्हा मोजले, तेव्हा तिन्हीकडचे आकडे सारखे आले.